पास्कूदादाचा हात आणि एक इंग्रजी शब्द

आमच्या घरात इंग्रजी शब्द भाजीपाल्यासारखे येत. कोण कुठून काय घेऊन येईल याचा नेम नसे, आणि एकदा घरात आल्यावर जो तो ते आपल्या सोयीने चिरून घेई. थोरला भाऊ पास्कूदादा ते यार्डातून आणी, मी शाळेतून आणी, वयनी नळावरच्या शेजारणींकडून आणी. आई काहीच आणत नसे. ती म्हणायची, "मला साहेबाचं येत नाय, पाद्रीचं लॅटिन कळत नाय, तरी देवाचं आन् माझं बरं चाललंय." घर म्हणजे कल्याण स्टेशनाजवळच्या कंपनीच्या चाळीतल्या दोन खोल्या. मूळ आम्ही ठाण्याच्या खाडीकाठचे, पोर्तुगिजांच्या वेळी ख्रिस्ती झालेले, भात लावणारे आणि जाळी टाकणारे लोक. वडील गेले, शेत काकांच्या ताब्यात राहिलं आणि दादा रेल्वेत रुळांचे सांधे फिरवणारा सांधेवाला म्हणून लागला. त्याच्या मागोमाग आई, त्याची बायको म्हणजे माझी वयनी रोजा, दोन मुलं आणि मी असा सगळा बोजा कल्याणला आला.

चाळीत शांतता म्हणून नव्हतीच. इंजिनं वाफ सोडत, डब्यांची चाकं तपासणारा माणूस हातोडीने टण् टण् करत गाडीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाई, आणि डबे एकमेकांवर आदळले की फळीवरची भांडी हलत. आई अंगणात बोंबील वाळत घाले, त्यावर कोळशाची काजळी बसे. आमच्या सुकटीला ती चव कायमची लागली होती. गावाकडची सुकट आली की मुलं ती अळणी म्हणून बाजूला सारत. रविवारी मिस्साहून आल्यावर वयनी फुगे तळी. ताडी घालून आंबवलेलं पीठ ती मुठीत धरून अंगठा आणि बोटाच्या मधून असं काही सोडी की प्रत्येक गोळा कढईत पडताच गोल फुगून वर येई. पीठ सोडताना ती कढईकडे बघतसुद्धा नसे. मान दाराकडे आणि तोंड शेजारणीशी.

संध्याकाळी घरात तेर्स, म्हणजे माळेची प्रार्थना व्हायची. माळेचे मणी सरकत, आई पुढचं म्हणे आणि आम्ही मागचं. शेवटची लितानी ही लांबलचक विनवणी लॅटिनमधली, तिचा अर्थ आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हता. आई ती म्हणता म्हणता सुपातल्या तांदळातले खडे वेचायची. मी ठाण्याच्या मिशनशाळेत शिकत होतो तेव्हाची गोष्ट. तिथल्या फादरने माझं लॅटिन पाठांतर ऐकलं, हात वर करून मला थांबवलं आणि म्हणाला, "मेकॅनिकल." मी अर्थ विचारला. तो म्हणाला, घड्याळाच्या काट्यासारखं. चालतो, पण कुठे चाललो ते त्याला कळत नाही. मी तो शब्द गरमागरम घरी आणला आणि पहिला आईवर वापरला. तुझी लितानी मेकॅनिकल आहे, असं तिला सांगितलं. तिने खडा वेचला, बाहेर टाकला आणि म्हणाली, "घड्याळ काय मनापासून चालतं? वेळ बरोबर दावतं ना? मंग झालं."

वयनीला हा शब्द माझ्याआधीपासून ठाऊक होता, पण तिच्या लेखी तो शिवी नव्हता. पलीकडच्या चाळीत मेकॅनिकल खात्याची माणसं राहत: फिटर, फायरमन, एक-दोन शंटर. त्यांना प्रत्येकी वेगळी मोरी होती आणि त्यांच्या नळाला उन्हाळ्यातही पाणी येई. दादा पडला गाड्या सोडणाऱ्या ट्रॅफिक खात्यातला. वयनी हंडा घेऊन भांडून आली की म्हणायची, "तुझा भाऊस मेकॅनिकलमंदी असता तर माझा गळा असा बसला नसता." दादा त्यावर हसायचा. त्याचा अर्थ आणखी तिसराच. तो म्हणे, सांधा अडकला की स्टेशनमास्तर म्हणतो हे मेकॅनिकल काम आहे आणि शेडवाले म्हणतात हे ट्रॅफिकचं आहे. तेव्हा मेकॅनिकल म्हणजे जे दुसऱ्याच्या गळ्यात घालायचं ते.

माझा स्वतःचा अर्थ तयार झाला तो छापखान्यात. शाळा सोडून मी ठाण्यात खिळे जुळवायला लागलो होतो, आणि आम्ही चार-पाच जण मिळून पत्रकं काढत होतो. कामाचे तास ठरवा, आठवड्याची सुटी द्या, बदलीचा माणूस वेळेवर पाठवा, एवढीच आमची मागणी. पण भाषा अशी की वाचणाऱ्याला वाटावं उद्या सकाळी राज्य उलथणार आहे. "माणूस म्हणजे यंत्र काय?" हे वाक्य नसलेलं आमचं एकही पत्रक नसेल. यंत्राला तेल देतात, थंड होऊ देतात, माणसाला तेवढंही देत नाहीत, हे आम्ही ओरडून सांगत होतो, आणि त्यातलं एकही अक्षर खोटं नव्हतं. आज माझा नातू हाच शब्द कशालाही लावतो. कुणाचं गाणं मेकॅनिकल, कुणाचा संसार मेकॅनिकल. विजेच्या गाडीतून फिरणाऱ्या या पोरांना वाटतं, हा शब्द कंटाळ्याचा आहे. आमच्या वेळी त्याला वंगणाचा वास होता.

दादाचं काम असं. कल्याणला लाइन फुटते, एक फाटा कसाऱ्याकडे आणि दुसरा कर्जतकडे. त्याशिवाय यार्डात मालाच्या, कोळशाच्या, वाळूच्या अशा बाजूच्या लाइनी. प्रत्येक सांध्याशी वजन लावलेला दांडा. जमादार झेंडी दाखवून ओरडून सांगे कुठली लाइन. सांधेवाल्याने हुकूम मोठ्याने परत म्हणायचा, हात वर करायचा आणि मगच दांडा टाकायचा. चर्चमध्ये गाऊन दादाचा आवाज तयार झालेला होता. तो हुकूम परत म्हणाला की चाळीत वयनीला ऐकू जाई आणि ती म्हणे, "हाय अजून जिता." रोज सकाळची मेल गेली की दोन-चार रिकामे डबे वाळूच्या लाइनीवर ढकलत. रोज म्हणजे रोज. पावसाळ्यातसुद्धा त्यात फरक पडत नसे.

त्या दिवशी फरक पडला. वाळूच्या लाइनीवर गँगची माणसं स्लीपर बदलत होती, म्हणून जमादाराने डबे तीन नंबरला घ्यायला सांगितलं. दादा आदल्या संध्याकाळपासून कामावर होता. त्याचा बदलीवाला आलाच नव्हता, आणि ही गोष्ट महिन्यातून कितीदा तरी घडे. जमादार ओरडला, "तीन नंबर." दादाने मोठ्याने म्हटलं, "तीन नंबर." हात वर केला. मग त्याच हाताने दांडा रोजच्यासारखा वाळूच्या लाइनीला टाकला.

ढकलून सोडलेले डबे राखेच्या जमिनीवरून येतात तेव्हा फारसा आवाज होत नाही. गँगमधल्या बाकीच्यांनी वेळेवर उड्या मारल्या. धर्मा नावाचा एक गडी वाकून खिळा ठोकत होता, त्याला उठायला जरा उशीर झाला. त्याचा डावा पाय घोट्याच्या वरून तुटला.

मी त्या दिवशी घरीच होतो. दादा आला तो मोरीत जाऊन बसला आणि बादलीत दोन्ही हात घालून तसाच राहिला. वयनीने विचारलं, "माणूस जिता हाय?" तो म्हणाला, "हाय." मग म्हणाला, "तोंड तीन बोललं. मी ऐकलं माझ्या कानांनी. आन् हात वाळूवर गेला. मी बघत होतो जाताना." आई तांदूळ निवडत होती. तिने सूप खाली ठेवलं आणि त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

चौकशी लागणार हे उघड होतं. ट्रॅफिकच्या हपिसात एक वयस्कर हेडक्लार्क होते, माझी पत्रकं चोरून वाचणारे. त्यांनी मला बोलावून समजावलं. हयगय केली असं ठरलं तर नोकरी जाईल, खोली जाईल. पण माणूस रात्रभर कामावर होता, बदली आली नाही, आणि हात सवयीने, मेकॅनिकली गेला, मनाने नव्हे, असा लेखी जबाब आला तर साहेब दंड करतील, ताकीद देतील आणि प्रकरण मिटवतील. "साहेबांना हा शब्द समजतो," ते म्हणाले. "तेसुद्धा रोज शंभर कागदांवर तशाच सह्या करतात. वाद न घालता एवढं लिहून आण."

मी लिहिलं. आयुष्यात मी पुष्कळ लिहिलं, पण त्या जबाबाइतकं नेमकं क्वचितच. त्यात विनवणी नव्हती आणि शिवीगाळही नव्हती. कंपनीनेच त्या हाताला वर्षानुवर्षं एका वेळी एकाच बाजूला जायला शिकवलं, झोप काढून घेतली, आणि हाताने शिकवलेलं केलं, असं मी मांडलं होतं. मेकॅनिकल हा शब्द मी मधोमध ठेवला. शिवाय हा जबाब कंपनीच्या दप्तरात गेला की तासांच्या प्रश्नावर आमच्याकडे प्रथमच एक पुरावा येणार होता. भावाची नोकरी वाचणार आणि कामही पुढे जाणार. कागद वाळवून मी तो घरी नेला आणि दादाला मराठीत समजावून सांगितला.

त्याने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "हे कोणाच्या हाताबद्दल लिहिलंय?"

"तुझ्या."

"मंग आपोआप कसा गेला?"

"दादा, रात्रभर जागा होतास. हाताला सवय होती. तूच म्हणालास, मी बघत होतो."

"बघत होतो म्हंजे मी होतो तिथं," दादा म्हणाला. "बदली आली नव्हती ते लिव. झोप नव्हती ते लिव. ते खरं हाय. ह्यो शब्द काढ."

वयनी चुलीपुढून उठून आली. आमच्यात बायका नवऱ्याला अरे-तुरेच करत. ती म्हणाली, "एका शब्दापायी नोकरी घालवशील? सही कर. दोन पोरं हायत तुला."

"रोजा, काल मी धर्माला बघायला गेलतो."

हे आम्हाला कुणाला ठाऊक नव्हतं. सरकारी दवाखान्यात धर्मा पडून होता. घाटावरून आलेला एकटा माणूस, इकडे त्याचं कुणी नव्हतं. लोकांनी त्याला सांगितलं होतं की दांड्याचं वजन घसरलं, सांधा आपोआप फिरला. दादा जाऊन उभा राहिला तसं त्याने विचारलं, "पास्कू, तूच होतास ना दांड्यावर?" दादा म्हणाला, मीच होतो. धर्माने डोळे मिटले आणि म्हणाला, "बरं झालं सांगितलंस. काल रातभर त्या लोखंडाला शिव्या देत होतो."

"आता तिकडं मी होतो म्हनून सांगितलं," दादा म्हणाला, "आन् इकडं सायबाला सांगू, मी नव्हतो, माझा हात होता?"

"सायबाला सांगितलेलं धर्माला कळतंय कशाला?" वयनी म्हणाली. "तुझ्या खरेपणावर मी भाकऱ्या भाजू का?"

आईने एवढंच विचारलं, की सही करायची तर कधीपर्यंत करायची. मी म्हटलं, उद्या सकाळपर्यंत. ती म्हणाली, मग आत्ता जेवून घ्या. जेवण झालं, तेर्स झाला, त्या कागदाचं नाव कुणी काढलं नाही. सकाळी दादाने कागदावर सही केली. तो आपलं नाव मोठ्या अक्षरांत, चित्र काढावं तसं काढायचा. शब्द तसाच होता. वयनीने मला खुणेने बाहेर बोलावलं आणि म्हणाली, "पटलं त्याला. आता तू तोंड बंद ठेव." मलाही वाटलं, पटलं.

चौकशी स्टेशनातल्या एका लांबट खोलीत झाली. टेबलामागे साहेब, बाजूला हेडक्लार्क, जमादार भिंतीशी उभा. दादाला इंग्रजी येत नाही म्हणून दुभाषा म्हणून मला आत घेतलं होतं. साहेब तरुण होता, घामाने हैराण झालेला, पण वागायला वाईट नव्हता. हे मी मुद्दाम लिहितो, कारण त्या वेळच्या माझ्या पत्रकांतले साहेब सगळे एका साच्यातून काढलेले असत. त्याने जबाब वाचला, त्या शब्दाखाली बोट ठेवलं आणि विचारलं, तुझा हात मेकॅनिकली गेला, हे बरोबर?

मी मराठीत विचारायला तोंड उघडलं. दादाला माझी गरज लागली नाही. इतकी वर्षं तो शब्द आमच्या घरात फिरत होता. तो सरळ साहेबाकडे बघून म्हणाला, "नो मेकॅनिकल, साहेब. माय हँड."

हेडक्लार्कांनी डोकं खाली घातलं. साहेबाने माझ्याकडे पाहिलं. मी घाईने सांगायला लागलो, याला म्हणायचं आहे की थकव्यामुळे, बदली न आल्यामुळे... दादा मला मराठीत म्हणाला, "इनास, ते कागदावर हाय. मी बोललो ते त्याला कळलं." आणि खरोखरच कळलं होतं. साहेबाने पेन उचलून काहीतरी लिहिलं. मग मी जे घरी ठरवलं नव्हतं ते बोललो. म्हटलं, तुमच्या इंजिनाला रोज शेडमध्ये विश्रांती मिळते, या माणसाला रात्रभर मिळाली नाही, त्याची चौकशी कोण करणार? साहेब थंडपणे म्हणाला, तो प्रश्न या चौकशीपुढे नाही.

नोकरी पूर्ण गेली नाही, एवढीच सवलत. दादाला यार्डातून काढून टिटवाळ्यापलीकडच्या एका फाटकावर बसवलं. पगार कमी, आणि चाळीतली खोली महिन्याच्या आत रिकामी करायची. धर्माला कंपनीने थोडे दिवस पोसलं आणि मग सोडून दिलं. वयनी मुलांना घेऊन खाडीकाठी माहेरी गेली. जाताना दादाशी एक शब्द बोलली नाही, मला म्हणाली, "त्याला सांग, मेकॅनिकल नवरा मला चालला असता." आई दादाबरोबर फाटकावर गेली. मी ठाण्याला छापखान्याच्या माळ्यावर राहायला लागलो.

दादा चुकला असं मला तेव्हा वाटत होतं आणि आज, केस पिकून गेल्यावरही, वाटतं. कंपनीला एक माणूस हवा होता, तो त्याने स्वतः पुढे केला. तासांचा प्रश्न मात्र साहेबाच्या टेबलाखाली सरकला, तो पुढे कित्येक वर्षं तिथेच पडून राहिला. सत्यं दोन होती. हात त्याचा होता हे खरं, आणि त्या हाताला यंत्र करून सोडणारे दुसरेच होते हेही खरं. त्याने पहिलं उचललं, आणि दुसरं जागेवरून हललंच नाही. त्याच्या नावाने पत्रक काढायची मी परवानगी मागितली, ती त्याने दिली नाही. मग मी नाव गाळून काढलं. नाव गाळल्यावर ते आमच्या इतर पत्रकांसारखंच दिसायला लागलं.

भातकापणी संपत आली तेव्हा वयनीचा निरोप आला, मला फाटकावर सोड. राहायला नाही, फक्त बघायला. मी गेलो, मुलांना आणि तिला घेऊन टिटवाळ्याला उतरलो आणि आम्ही रुळांच्या कडेने चालत निघालो. दोन्ही अंगांना कापलेली शेतं, मध्ये पेंढ्याच्या उडव्या. वाटेत तिने विचारलं, "झोपडी गळते का रे?" मी म्हटलं, पाऊस गेला आता. ती म्हणाली, "पुढच्या वर्षी नाय का येणार?" राहायला नाही म्हणणारी बाई पुढच्या पावसाचं विचारते, हे माझ्या लक्षात आलं.

फाटकाजवळ दादाची झोपडी. दादा एक बैलगाडी पलीकडे जाऊ देऊन फाटक लावत होता. झोपडीच्या सावलीत एक माणूस हिरवी झेंडी मांडीवर घेऊन बसला होता. शेजारी कुबडी. वयनी थांबली.

"ह्यो कोण?"

"धर्मा," आई आतून म्हणाली. "पोळ्यापासून हितंच हाय. दिवसा फाटकावर बसतो, तवा पास्कू जरा डोळा लावतो."

म्हणजे कंपनीने कधी पाठवली नाही ती बदली दादाला तिथे मिळाली होती, पगाराशिवाय. मी पत्रकवाला, मला राहवलं नाही. मी धर्माच्या शेजारी बसलो आणि विचारलं, दादाने जबाबातला शब्द नाकारला, ते बरोबर केलं असं तुला वाटतं का? त्याने माझ्याकडे बघितलं. म्हणाला, "दोन्ही पाय असते तर मी म्हनलो असतो, येडा हाय. आता काय म्हनू? दवाखान्यातनं सोडलं तवा जायला एक दार होतं, हे." मग झेंडी गुंडाळत म्हणाला, "मला इचारू नका. त्या बाईला इचारा."

मी वयनीला विचारलं नाही. ती आत जाऊन चुलीपाशी बसली होती. आईने भाकऱ्या करून ठेवल्या होत्या, बोंबलाचं कालवण होतं, मुलं आजीला चिकटली होती. दादा हात धुऊन आला आणि दारात उभा राहिला, आत यावं की नाही अशा बेताने. वयनीने एक थाळी ओढली, त्यात भाकरी ठेवली, कालवण वाढलं, वर एक बोंबील जास्त घातला, आणि उठून ती थाळी धर्मापुढे नेऊन ठेवली. मग मुलांना वाढलं, आईला वाढलं, मला वाढलं. स्वतःची थाळी घेतली आणि खाली बसली. दादा अजून उभाच.

ती त्याच्याकडे न बघता म्हणाली, "उभा काय ऱ्हायलास? हात तुझाच हाय ना? घे वाढून."

दादा बसला. त्याने कालवणाच्या भांड्यातली पळी उचलली आणि वाढून घेतलं.